दीड मिनिटाचं गाणं

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या माणसाला जपानी कार्टूनमधली गाणी आवडतात, हा त्याच्या सासरी चेष्टेचा विषय होता. कार्टून नाही, अ‍ॅनिमे, असं तो सुरुवातीला सांगायचा. पुढे सांगणं सोडलं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मेहुणीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी आग्रह केला म्हणून त्याने त्यातलं एक गाणं म्हटलं होतं. तो ऐन रंगात आला असताना सासरे म्हणाले, "पंखा जरा वाढवा रे, त्याचा आवाज बरा," आणि खोलीभर हशा पिकला. घरी येताना बायको म्हणाली, "अहो, चारचौघांत पुन्हा नका म्हणू."

त्यानंतर त्याने चारचौघांत तोंड उघडलं नाही. गाणी मात्र सुटली नाहीत. दुकानाच्या मागच्या खोलीत काच घासायचं यंत्र घरघरत असलं की त्याच्या आवाजाखाली तो गायचा, नाहीतर आंघोळ करताना. ती भाषा त्याला येत नव्हती, पण कोणत्या ओळीचा अर्थ काय हे त्याने एकेक करून शोधून ठेवलं होतं.

एका रविवारी दुपारी त्याचा साडू घरी आला. म्हणजे मेहुणीचा नवरा. गाड्यांच्या शोरूममध्ये विक्री विभागाचा प्रमुख. उंचापुरा, बोलघेवडा, टायर बघायला आलेल्या माणसाच्या गळ्यात अख्खी गाडी मारील असा. एरवी तो बायकोला घेऊन यायचा, आज एकटाच होता.

"साडूबुवा, इज्जतीचा प्रश्न आहे," तो बसता बसता म्हणाला. "आता मालकाचा मुलगा कारभार बघतो. त्याच्या पार्टीत प्रत्येक पुरुषाला माईक धरावा लागतो. आणि त्याला जुनी गाणी नकोत. त्याला तुमची ती हवीत. कार्टूनची."

"अ‍ॅनिमेची," चष्मेवाला म्हणाला.

"तीच. आमचा वर्कशॉपवाला मागच्या वेळी एक म्हणाला, तर त्याला डोक्यावर घेतलं. मला एक द्या. एकदम हमखास."

चष्मेवाल्याला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. मग त्याने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. अशा गोष्टीसाठी त्याच्याकडे कधी कोणी आलं नव्हतं.

"आपल्याला आवडतं ते घरी म्हणायचं," तो म्हणाला. "पार्टीत लोकांना म्हणावंसं वाटतं ते म्हणायचं. पहिली ओळ अशी हवी की कानावर पडताच माना वळल्या पाहिजेत. मध्ये ओरडायला जागा हवी. पुरुषाचा आवाज साधारण जिथे राहतो तिथेच गाणं राहिलं पाहिजे, नाहीतर गळा फाटतो आणि बायका हसतात. आणि लांबण नको. लोकांना कंटाळा यायच्या आत खाली उतरायचं."

"बापरे," साडू म्हणाला. "तुम्ही तर मास्तर निघालात."

पुढचे काही रविवार दोघे दुकानाच्या मागच्या खोलीत बसले. लढाईच्या एका मालिकेचं, सुरुवातीलाच आरोळी असलेलं गाणं त्याने साडवाला निवडून दिलं. शब्द सोप्या अक्षरांत लिहून दिले, कुठे श्वास घ्यायचा तिथे बोट वर केलं. साडवाला सूर बेताचाच, पण हिंमत दांडगी. तो चुकला की मोठ्याने हसायचा आणि पुन्हा सुरू करायचा. चष्मेवालाही हसायचा. शनिवार आला की आता त्याला उद्याची ओढ लागायची. एकदा बायको चहा घेऊन आली तर दोघे एकाच सुरात ओरडत होते. ती दारातच थांबली, मग चहा ठेवून गेली.

पार्टी दुपारची होती, घरच्यांसह. पडद्यावर शब्द दाखवत साथ वाजवणाऱ्या कराओकेच्या यंत्रापाशी चष्मेवाला स्वतः उभा राहिला. मालिकेत वाजतो तेवढाच दीड मिनिटाचा तुकडा त्याने शोधून लावून दिला, कारण यंत्रात पूर्ण गाणंही असतं आणि ते तिप्पट लांब असतं. साडवाने कोट काढून खुर्चीवर फेकला आणि पहिली आरोळी ठोकली. सभागृह उभं राहिलं. मालकाचा मुलगा टेबल बडवत होता.

गाणं संपल्यावर तो स्वतः साडवाजवळ आला. "अहो, हे कुठे शिकलात?"

"लहानपणापासूनचं वेड आहे, सर," साडू म्हणाला. श्वास घेण्याइतकाही वेळ त्याने घेतला नाही.

चष्मेवाला हाताच्या अंतरावर बशी घेऊन उभा होता. मुलाने विचारलं, "आणि हे?"

"हे आमचे साडू. चष्म्याचं दुकान आहे यांचं. गाण्याबिण्यातले नाहीत ते."

चष्मेवाल्याने बशीत पाहिलं. एवढं तो गिळू शकला असता. बोलणं हाच त्या माणसाचा धंदा, त्याचं काय मनावर घ्यायचं. पण शेजारी त्याची बायको टाळ्या वाजवून वाजवून लाल झालेले तळवे चोळत होती. ती बहिणीला म्हणाली, "किती छान म्हणतात गं! आणि लाज नाही, संकोच नाही."

घरी जाताना तो म्हणाला, "ते गाणं मी शिकवलंय त्याला."

"माहितीये की," ती म्हणाली. "पण म्हणून दाखवायला अंगात असावं लागतं."

साडू पुन्हा आला तेव्हा हातात शर्ट होता. भेट म्हणून आणलेला, एक माप मोठा. सगळ्या शाखांची मोठी पार्टी होती. "या वेळी ओरडाआरडा नको," तो म्हणाला. "या वेळी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. तुमच्या पोतडीतलं खास काढा."

चष्मेवाल्याने खास काढलं. त्याला सगळ्यांत जास्त आवडणारं, जे त्याने वाढदिवसाला म्हटलं होतं ते. मालिकेतला तुकडा संथ, गोड, कोणालाही जमेल असा होता. त्यानंतर पूर्ण गाण्यात भरभर बोलायचा एक लांबलचक भाग होता आणि शेवटचं कडवं असं वर चढायचं की स्वतः त्याचाही आवाज तिथे दर वेळी फुटायचा. त्याने साडवाला तुकडा ऐकवला. साडवाने तो मन लावून घोटला.

"एवढंच?" साडवाने विचारलं.

"मालिकेत एवढंच आहे," चष्मेवाला म्हणाला. ते खोटं नव्हतं.

मोठ्या पार्टीत तो यंत्राकडे फिरकला नाही. मागच्या टेबलावर बायकोशेजारी बसून राहिला. साडू सुरेख गायला, खरोखर सुरेख. लोक गप्प झाले होते. शेवटचा सूर सोडून तो कमरेत वाकला, टाळ्या पडल्या, आणि संगीत पुन्हा सुरू झालं.

तो हसला, बंद कर म्हणून यंत्रवाल्याकडे हात केला. यंत्रवाल्याला वाटलं, आवाज वाढवायला सांगतोय. पडद्यावर शब्द धावू लागले. साडवाने दोन-तीन पकडायचा प्रयत्न केला आणि त्याची जीभ अडखळली. कोणीतरी हसलं. त्याने विनोद करून वेळ मारून न्यायचं ठरवलं, नाचल्यासारखं केलं, पण गाणं दुःखाचं होतं आणि संपत नव्हतं. शेवटच्या कडव्याला त्याने कसाबसा सूर लावला. आवाज फाटला तशी पुढची सगळी रांग खो खो हसत सुटली. कित्येकांचे फोन वर होते. मालकाचा मुलगा म्हणाला, "बंद करा रे ते, दया करा माणसावर," आणि तेच सगळ्यांत जास्त लागलं. मेहुणी रुमालात तोंड घालून बसली होती.

चष्मेवाला हसला नाही. आपल्याला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

 वाटेत बायको म्हणाली, "गाणं केवढं आहे ते तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या लक्षात नाही आलं."

"बारा वर्षं ऐकतेय मी ते. स्वयंपाकघरातून सांगू शकते, तुम्ही आता कुठे पोचलात आणि आता कुठे आवाज फुटणार ते." ती समोर रस्त्याकडे बघत होती. "मला ते आवडायचं. लोक हसतात म्हणून म्हणू नका म्हटलं होतं. तुम्हाला हसतात म्हणून."

हे तिने आधी का सांगितलं नाही, असं विचारावंसं त्याला वाटलं. पण विचारायचं तोंड राहिलं नव्हतं.

शोरूममध्ये साडवाचं नाव 'दीडमिनिटे' पडलं. समोरच्यावर छाप पाडणं हेच ज्याचं भांडवल, त्याला लोक फोनवर तो व्हिडिओ बघून ओळखू लागले. गिऱ्हाईक हसलं की आपल्यालाच हसलं असं त्याला वाटायचं. काही महिन्यांनी त्याने आपण होऊन सुट्या भागांच्या विभागात बदली मागून घेतली.

त्यानंतर एकदा तो चष्मेवाल्याच्या घरी आला. वाचताना अक्षरं धूसर दिसतात, म्हणाला. चष्मेवाल्याने नंबर तपासायचा तक्ता इथेच आणू का विचारलं, तर म्हणाला, "नको, नंबर दुकानातच काढू. सहज आलोय." मग थोडा वेळ बसून म्हणाला, "साडूबुवा, एक विचारू? ते गाणं पुढे आहे, असं तुम्ही मला सांगितलं होतं का? मी खूप आठवून पाहतोय. सांगितलं असेलच तुम्ही. तुम्ही इतकं बारकाईने सगळं सांगता. माझंच लक्ष नसणार."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"हो," चष्मेवाला म्हणाला. "बहुतेक सांगितलं होतं."

"वाटलंच मला," साडू म्हणाला, आणि त्याचा चेहरा सैल झाला. दोष आपलाच आहे हे एकदा कळल्यावर त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

बायको दोन कप चहा घेऊन आली. एक तिने साडवासमोर ठेवला, दुसरा स्वतः घेऊन त्याच्याशेजारी बसली आणि बहिणीची चौकशी करू लागली. चष्मेवाल्याने जरा वेळ आपल्या कपाची वाट पाहिली. मग उठून दुकान उघडायला गेला.