मास्तरांची दोन बोटं

मास्तरांना एक तोरा होता, आणि शिडीवरून पडल्यावरही तो जसाच्या तसा राहिला. सहा वर्षांपूर्वी ते आपल्या शिंपीकामाच्या दुकानाची पाटी सरळ करायला चढले, खाली आले ते थेट पाठीवर, आणि कमरेखालचं सगळं त्या दिवसापासून मुकं झालं. चिमटा काढा नाहीतर सुई टोचा, पत्ता नाही. पण शिलाई मशीनला मोटर बसवून, पायाचं काम हाताकडं देऊन मास्तर वर्षाच्या आत पुन्हा कपडे शिवू लागले. ‘माझं माप आजवर चुकलेलं नाही,’ हे दिवसातून चारदा तरी ऐकवायचेच. शेजारी बसून काज-बटणं करणारी त्यांची बायको ‘हो हो’ म्हणायची आणि दातानं दोरा तोडायची.

हे सगळं सांगायचं कारण, आज मास्तरांची तिसरी आणि शेवटची खेप होती.

पुनर्वसन केंद्रात माणसाला चालवणारं यंत्र एकच आणि त्याच्यासाठी ताटकळलेली माणसं चाळीस. कमरेपासून तळपायापर्यंत बाहेरून बांधायचा धातूचा सांगाडा, कमरेला आणि गुडघ्यांना मोटरी, पाठीवर बॅटरी. कुबड्यांवर भार टाकून अंग पुढं झुकवलं की यंत्र माणसाचा पाय उचलून पुढं ठेवतं. नियम सरळ होता. प्रत्येकाला तीन खेपा. तेवढ्यात दहा पावलं पडली तर सहा महिने सराव, नाहीतर पुढच्याचा नंबर. मागच्या दोन्ही खेपांना यंत्रानं मास्तरांना खुर्चीतून अर्धं उचललं, टुंई टुंई केलं आणि परत बसवलं. दोन्ही वेळा फिजिओबाई हळू आवाजात तेच म्हणाल्या, ‘कधी कधी शरीर साथ देत नाही, काका.’

आजही तेच झालं. अर्धं उठणं, टुंई टुंई आणि बसणं.

‘पाच मिनिटं थांबू,’ फिजिओबाई म्हणाल्या. ‘आणखी एकदा बघू, आणि मग…’ पुढचं त्यांनी गिळलं आणि फाईल चाळत बसल्या. बायको खिडकीजवळ उभी राहून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.

मास्तरांचा हात आपोआप मांडीवर गेला. अंगावर काही चढलं की ते कसं बसलंय हे चाचपायची त्यांची जुनी खोड. मांडीभोवती यंत्राचा रुंद पट्टा होता. मास्तरांनी त्याच्याखाली दोन बोटं सरकवली आणि ती अलगद आत गेली, अगदी पेरांपर्यंत. मास्तरांनी ती बाहेर काढून पुन्हा सरकवून पाहिली.

ती दोन बोटं त्यांच्या ओळखीची होती. पहिल्या दिवशी फिजिओबाई टेप घेऊन वाकल्या, तर यांनी तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला होता. ‘बाई, हे काम तुमचं नव्हे. मी आकडे सांगतो, तुम्ही लिहा.’ आणि तीस वर्षं जसं हजारोंचं घेतलं तसंच स्वतःचं माप घेतलं, टेपखाली दोन बोटं ठेवून. शिंप्याला ती ठेवावीच लागतात. माणूस बसतो, वाकतो, पोटभर जेवतो, कपड्यात तेवढी मोकळीक नको? पण यंत्राला मोकळीक चालत नव्हती. सैल पट्ट्यात पाय घसरायचा, मास्तरांचा गुडघा यंत्राच्या गुडघ्यावरून सरकायचा आणि यंत्र बिचारं घाबरून थांबायचं. ज्याला जाणीव आहे तो पहिल्याच मिनिटाला म्हणाला असता की ढिलं वाटतंय. मास्तरांच्या मांडीला बोलताच येत नव्हतं.

खोटं कशाला बोला, गप्प बसावं असं त्यांच्या मनात येऊन गेलं. शरीरानं साथ दिली नाही म्हटलं की लोक हळहळतात. मास्तरांचंच माप चुकलं म्हटलं तर अख्खा बाजार वर्षभर हसेल. त्यांनी खिडकीकडं पाहिलं. पिशवीचा बंद अजून गुंडाळला जात होता.

‘बाई,’ मास्तर म्हणाले, ‘माप चुकलंय.’

‘कुणाचं?’

‘माझं. मीच घेतलेलं. दोन बोटं जास्तीची आहेत, सगळीकडं.’

बायकोनं मान वळवली. ‘काय म्हणालात? जरा पुन्हा म्हणा बरं. नीट ऐकू आलं नाही.’

‘चेष्टा नंतर कर. टेप काढ आधी.’

टेप तिच्या पिशवीत कायमचाच. ती खाली बसली आणि बोटं न घालता, अंगाला चिकटवून मापं घेऊ लागली. एकेक आकडा ऐकून फिजिओबाई पट्टे आवळत होत्या, सळ्या आत सरकवत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. ‘मीच तपासायला हवं होतं, काका. मी उगाच तुमच्या शरीराला बोल लावला.’

‘मीही लावत होतो,’ मास्तर म्हणाले.

मग यंत्र घुमलं. अर्ध्यावर आलं, आणि थांबलं नाही. खुर्ची खाली राहिली आणि मास्तर वर जात राहिले, इतके वर, की आता डोकं छताला लागतं की काय असं त्यांना वाटलं. कपाटाचा माथा दिसला, त्यावरची धूळ दिसली, खिडकीबाहेर उभ्या गाड्यांची टपं दिसली. सहा वर्षांत त्यांनी कुठल्याच उंच वस्तूची वरची बाजू पाहिली नव्हती. जग इतकं मोठं आहे आणि ते आपल्याला पूर्वी रोज फुकटात दिसत होतं, याचं त्यांना नवल वाटत राहिलं. मग खाली बायकोचा भांग दिसला. तिथले केस पांढरे झाले होते, विरळ झाले होते, आणि त्यांचं तिकडं कधी लक्षच गेलं नव्हतं.

‘तू एवढीशी होतीस?’

‘होते की. तुम्हीच विसरलात.’

तेवढ्यात फिजिओबाईंनी बुटांकडं बोट दाखवलं. बसून असणाऱ्याची पँट लांब बेतावी लागते, नाहीतर घोटे उघडे पडतात. सहा वर्षं मास्तर स्वतःसाठी तशाच बेतत होते. आता उभं राहिल्यावर पँटचा घोळ बुटांवर लोळत होता. बायको गुडघ्यांवर बसली, ओठांत टाचण्या धरल्या आणि दातांतूनच विचारलं, ‘किती घेऊ?’

‘दोन बोटं. इथं चालतील.’

मास्तरांनी अंग पुढं झुकवलं. उजवा पाय उठला. कुणी हात लावला नव्हता, त्यांचाच पाय, त्यांच्याच पँटमधला, हवेतून गेला आणि पुढं टेकला. तळव्याला काही कळलं नाही. पण टेकल्याचा धक्का वर चढत चढत बरगड्यांत आला. जमीन अशीही कळते, हे त्यांना माहीत नव्हतं. मास्तरांच्या अंगावर काटा आला, जिथवर येऊ शकत होता तिथवर.

दोन. तीन. बायको उरलेली टाचणी ओठांत धरूनच मोठ्यानं मोजत होती. पाचव्याला घाम डोळ्यांत उतरला. सातव्याला तोल डावीकडं गेला, फिजिओबाईंनी मागून पट्टा धरला, आणि तो सावरला. आठ, नऊ. समोर भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा होता, आणि दहावं पाऊल त्याच्यासमोर पडलं.

ट्रायल झाली की मास्तर गिऱ्हाइकाला असंच आरशासमोर न्यायचे. स्वतः त्याच्या खांद्यामागं उभे राहायचे आणि कपड्याऐवजी त्याचा चेहरा बघायचे. आता आरशात एक उभा माणूस होता, थोडा म्हातारा झालेला, ओळखीचा. त्याच्या खांद्यामागं बायको होती. तिनं ओठांतली उरलेली टाचणी काढली आणि हुबेहूब दुकानातल्या आवाजात विचारलं,

‘कुठं आवळत नाही ना, साहेब?’

मास्तरांना कमरेखाली काहीच कळत नव्हतं. तरी त्यांनी चोखंदळ गिऱ्हाइकासारखं स्वतःला बुटांपासून डोक्यापर्यंत सावकाश पाहून घेतलं.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘बरोबर बसलंय.’ आणि मग मास्तर रडले, उभ्यानं.