बावीस किलोची ताडपत्री

जाहिदाच्या ट्रेलरवरची जुनी ताडपत्री कोरडी असताना नव्वद किलो भरायची. भिजल्यावर किती, ते आजवर कुणाला कळलेलं नाही. एकदा भिजलेली काट्यावर ठेवली, तर काटा पूर्ण फेरी मारून पुन्हा शून्यावर येऊन उभा राहिला. मी तिथंच होतो.

मी सिद्धाराम. सोलापुरात चाळीस वर्षं ट्रकांवर ताडपत्र्या बांधल्या. मी मारलेली गाठ सोडवायला लोक कात्री आणायचे, आणि गाठीत अडकलेली कात्री सोडवायला पुन्हा मलाच बोलवायचे. त्यामुळे त्या बुधवारी सकाळी जाहिदा तिच्या नणंदेला, शबानाला घेऊन माझ्या दारात आली, तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. दोघी मिळून एक ट्रेलर चालवतात. जाहिदा स्टेअरिंगवर, शबाना दोऱ्या आणि कागदपत्रांवर. ट्रेलर म्हणजे चाळीस फुटी पाट, खाली चाकं. बाजूला फाळके नाहीत, वर छप्पर नाही. जे काय झाकायचं ते ताडपत्रीनं.

"मामा, शनिवारी आमचा फैसला हाय," जाहिदा म्हणाली.

"कसला?"

"चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना हाय की, तितलं वर्षभराचं काम. सकाळी नऊला परीक्षा. गठ्ठे भरून देणार, वीस मिनिटांत झाकायचे. मग अर्धा तास आगीच्या पाईपनं पाणी मारणार. आत एक टॉवेल ओला निघाला तर गाडी गेटाबाहेर."

"चार हमाल लावा की."

"न्हाय चालत. तितले कमलाकर साहेब म्हणतात, आत फक्त गाडीची मानसं. म्हंजे आमी दोघीच. काम मिळालं तर ट्रेलर पळंल, न्हाय तर विकावा लागंल."

मी छाती पुढं काढली. "मी गाडीचाच मानूस हाय म्हणून सांगा. मी चढवतो ताडपत्री."

"मामा," शबाना म्हणाली, "तुमाला वर चढवायलाच दोन मानसं लागतील. मग ताडपत्री कोण चढवणार?"

जाहिदाला हलकी ताडपत्री हवी होती. मी आयुष्यात हलकी ताडपत्री बांधली नव्हती. हलकी म्हणजे पापड, असं माझं मत होतं, आणि ते मी रिक्षात बसल्यापासून दुकान येईपर्यंत दोघींना ऐकवलं.

महादेवप्पाचं ताडपत्र्यांचं दुकान जुनं. "बनि, बनि!" करत त्यानं कानडीत स्वागत केलं आणि आधी एक निळी ताडपत्री पसरली. अकरा किलो. इतकी पातळ की पलीकडं बसलेला महादेवप्पा तिच्यातून माझ्याकडं बघून हसला, ते मला दिसलं. शबानानं ती टेबलाच्या कोपऱ्यावर ताणली आणि एक हिसका दिला. टर्र!

"ही मांडवाला द्या कुणाच्या," ती म्हणाली. "आमच्या गठ्ठ्यांना लोखंडी पट्ट्या असतात."

मग चंदेरी आली. बावीस किलो. दोन्ही बाजूंनी लेप, काठाच्या आत शिवलेली दोरी, दर दीड फुटाला पितळी कडी. शबानानं हिसका दिला, टेबल सरकलं, ताडपत्री तशीच. जाहिदानं टेबल उलटं केलं, त्याच्या चार पायांना एक कोपरा झोळीसारखा बांधला, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. आम्ही चहा प्यालो. चहानंतर महादेवप्पानं खालचा पेपर उचलून माझं राशिभविष्य वाचून दाखवलं. अक्षरसुद्धा फुटलं नव्हतं. भविष्यात लिहिलं होतं, प्रवासाचा योग. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

जाहिदानं घडी खांद्यावर टाकली आणि दुकानाला पळत एक वळसा मारून आली. श्वास लागला नव्हता. डोळे नुसते चमकत होते.

"उडंल ही," मी म्हणालो. "वजन न्हाय ते टिकत न्हाय."

"गाठीवर हाय ते, सिद्धारामण्णा," महादेवप्पा म्हणाला.

"गाठ मी मारणार हाय!" मी म्हणालो.

"हौ, मग शुक्रवारी चालवूनच बघू," जाहिदानं विषय मिटवला.

शुक्रवारी आम्ही भुसकटाची पोती रचली आणि मी ताडपत्री बांधली, माझ्या पद्धतीनं. आधी शेपूट, म्हणजे मागची कड, मग दोन्ही बाजू, सगळ्या गाठी कात्री मागणाऱ्या. गाठींवर नजर ठेवायला मी वरच बसलो, आणि आम्ही होटगी रस्त्याला लागलो.

चाळीसच्या वेगाला सगळं ठीक होतं. पन्नासला केबिनच्या मागं ताडपत्रीनं तोंड उघडलं आणि वारा आत शिरून ऐसपैस बसला. ताडपत्री पुरीसारखी टम्म फुगली. मी पुरीच्या वरच्या पापुद्र्यावर. खालून खडखड यायची ती बंद झाली.

खिडकीतून जाहिदाचा आवाज आला, "मामा, स्टेअरिंग लई हलकं लागतंय!"

"लागणारच! चाकं खाली न्हाईत!"

पुढं रेल्वेचं फाटक बंद. रुळांवरून सिमेंटची मालगाडी चाललेली. आम्ही फाटकाच्या वरून गेलो, मालगाडीच्या वरून गेलो. मी डबे मोजले, साडेबावन्न. अर्ध्याचं कारण मध्ये एक बगळा आडवा आला. मालगाडीच्या गार्डानं सवयीनं हिरवा झेंडा दाखवला, मी सवयीनं हात केला. पलीकडच्या फाटकामागं आम्ही इतक्या अलगद उतरलो की केबिनमध्ये शबानाच्या हातातला चहा हललासुद्धा नाही.

फाटकवाला बिरप्पा वही घेऊन धावत आला. "फाटक बंद असताना पलीकडनं हिकडं आलाच कसं?"

"आमी फाटक ओलांडलं न्हाय," शबाना खिडकीतून म्हणाली. "तुमी खालचं बघा, वरचं तुमच्याकडं हाय का?"

बिरप्पानं वही चाळली. वरचा रकाना नव्हता. तो डोकं खाजवत परत गेला.

मी मात्र खूश होतो. "बघितलं? म्हटलं नव्हतं? आपली जुनीच बरी!"

जाहिदा केबिनमधून उतरून पाटावर चढली. ती पुढं गेली, केबिनमागची ताडपत्रीची कड तिनं दोन बोटांनी उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

"मामा, हितली दोरी कुटंय?"

"तितं बांधत न्हाईत," मी म्हणालो. "तितं वजनानंच बसतं."

"नव्वद किलोची बसती. बावीसची कशी बसंल?"

मी मान वर केली. मी बगळा शोधला. तो केव्हाच गेला होता.

"जड ताडपत्रीची खोड हाय ती," मी शेवटी म्हणालो. "हाताला लागलीय. ताडपत्री चांगली हाय. चुकलो मी."

"मग उतरा खाली," जाहिदा हसली, "आन आमाला तुमची ती कात्रीवाली गाठ शिकवा. पन नाकापासनं सुरू करायची."

आम्ही तिथंच, रस्त्याच्या कडेला, सगळी ताडपत्री सोडून पुन्हा बांधली. आधी नाक. कड आत दुमडून घट्ट आवळायची. मग पुढून मागं दोन्ही बाजू. शेपूट सगळ्यात शेवटी. गाठ माझी, क्रम जाहिदाचा. परत येताना साठ, सत्तर, ऐंशी! ताडपत्री पोत्यांना कातडीसारखी चिकटलेली आणि चाकं रस्त्यावर. मला थोडं चुकल्यासारखंच झालं.

शनिवारी नऊला असा वारा सुटला की कारखान्याच्या चिमणीचा धूर आडवा होऊन ऑफिसात शिरत होता. कमलाकर साहेबांनी घड्याळ हातात धरलं. "चला!"

जाहिदा घडी खांद्यावर टाकून शिडी चढली, नाक आवळलं, आणि ताडपत्री उलगडत मागं पळत सुटली. खाली शबाना एका बाजूची दोरी ओढत होती आणि दुसऱ्या बाजूला आधीच पोचलेली दिसत होती. हमालांनी कामं सोडून टाळ्या सुरू केल्या. मी गेटाबाहेरून ओरडत होतो, "नाक! नाक बघा!"

"झालं, साहेब!" जाहिदा वरून म्हणाली.

अकरा मिनिटं. साहेबांनी घड्याळ कानाला लावून बघितलं.

मग अर्धा तास पाणी. वाऱ्यानं फवारा फिरवून साहेबांना पायापासून डोक्यापर्यंत भिजवलं, पण ते जागचे हलले नाहीत. शेवटी शेपटाची गाठ सोडून त्यांनी गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक टॉवेल ओढून काढला. दाबला. गालाला लावला. त्या आख्ख्या आवारात तेवढी एकच गोष्ट कोरडी होती, म्हणून त्यांनी त्यानंच तोंड पुसलं.

"आणि रस्त्यात उडाली तर?"

जाहिदानं गेटाकडं, माझ्याकडं बघितलं. "उडाली तर माल लवकर पोचंल, साहेब."

साहेब हसले आणि त्याच ओल्या हातानं त्यांनी वर्षभराच्या कागदावर सही केली. शबानानं मला गेटाबाहेरून आत ओढलं, आणि आम्ही तिघांनी ट्रेलरभोवती एक फेरी नाचत मारली.

जाहिदाचा ट्रेलर आता रोज जमिनीवरूनच पळतो. पण होटगीला गेलात तर बिरप्पाकडं नीट बघा. फाटक उघडायच्या आधी तो डावीकडं बघतो, उजवीकडं बघतो, आणि मग टोपी हातानं धरून एकदा वर आभाळाकडं बघतो.