चाकाखालचं लिंबू

मुंबईची सहा तासांची मोटार-शर्यत जळगावच्या रतिलालने जिंकली. हौशी गडी, पण भल्याभल्यांना मागे टाकलं त्याने. शेवटच्या तासात गाडीचे सगळे ब्रेक गेले होते. बोलला असता तर पंचांनी बाहेर काढलं असतं, म्हणून तो गप्प राहिला. नवे ब्रेक अजून मिळाले नव्हते.

गाडी रेल्वेने आली. मजुरांनी ढकलत ती वडिलांच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या उतारावर नेली आणि पुढच्या चाकाला दगड लावला. खाली फाटकापर्यंत दुतर्फा माणसांची दाटी, अन् फाटकात ओवाळायचं ताट घेऊन आई.

"शेवटच्या तासात माझ्या पोरानं ब्रेकला पायसुद्धा लावला नाही!" वडील, म्हणजे नाना, सगळ्यांना ओरडून सांगत होते.

नानांनी त्याला गाडीत बसवलं. दृष्ट लागू नये म्हणून चाकाखाली लिंबू चिरडायचं होतं. "दगड काढा, लिंबू ठेवा."

"नाना, थांबा..."

"आता कशाला थांबायचं? बठ्ठं गाव देखी ऱ्हायनं!" नाना बघणाऱ्या गर्दीकडे हात करत म्हणाले.

कुणीतरी दगड ओढला. लिंबू पिचकन फुटलं. टाळ्या वाजल्या. रतिलालचा ब्रेकवरचा पाय पार तळाला टेकला, आणि समोर आई ताट सावरत, कौतुकाने हसत, पुढे आली.