घंटेतला रुमाल

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, आधी माझा आवाज ऐका.

ठण.

तो असा होता.

पुण्यात एका तांबटाने मला घडवले. सरोजिनीताईंनी मला सिंगापूरला आणले. पुढे देवघरात नवी घंटा आली, म्हणून २०१६ साली मी क्लेमेंटीतल्या त्यांच्या शनिवारच्या मराठी वर्गात गेले.

तास संपला की मुले देश-देश खेळत. अवनी राष्ट्रपती, धवल सभापती, बाकीची संसद. कोणी प्रश्न विचारायला हात वर केला की धवलने मला वाजवायचे. मग राष्ट्रपतींनी थांबायचे आणि उत्तर द्यायचे. किती वाजले मी तेव्हा! "काय खणखणीत आहे!" असे येणारे पालक म्हणत.

मग सेरंगूनच्या मराठी वर्गाशी रस्सीखेच ठरली.

"युद्ध!" अवनी ओरडली.

"आधी संसदेला विचार," धवल म्हणाला.

"नो टाइम, लाह!" अवनी सिंगापुरी ठसक्यात म्हणाली. "आणि युद्धात प्रश्न नाही विचारायचे. एनिमी ऐकतो." तिने आपला रुमाल माझ्या पोटात कोंबला. "युद्ध संपेपर्यंत फक्त."

संसदेने टाळ्या वाजवल्या. धवलनेही.

थप.

रस्सीखेच झाली. आपण हरलो. सगळे आईस्क्रीम खाऊन घरी गेले. रुमाल राहिला.

"अजून धोका आहे," पुढच्या शनिवारी अवनी म्हणाली. त्याच्या पुढच्याही. मुलांना सवय झाली. मलाही झाली. दमलेल्या घंटेला गप्प राहणे बरे वाटते, मित्रांनो.

राणी वर्गात सगळ्यांत लहान. तिचा आतेभाऊ सेरंगूनच्या वर्गात होता.

"राणी हेर आहे," अवनीने जाहीर केले. "देशाबाहेर!"

राणीने हात वर केला. धवलने मला हलवले.

थप.

पुन्हा हलवले.

थप.

"बेल वाजली नाही. सो, नो क्वेश्चन."

राणी पिशवी न घेताच निघून गेली.

पुढच्या शनिवारी तिचे बाबा, नागसेन, पिशवी न्यायला आले. "ताई, राणी येत नाही म्हणते. मला देशातून काढलंय म्हणते."

"अहो, खेळ आहे तो!" ताई हसल्या.

"घरी मराठी बोलायचंही बंद केलंय तिने."

ताईंचे हसू गेले. त्यांनी मला उचलून हलवले. मग आत बोट घालून मळका रुमाल ओढून काढला.

"अवनी, युद्ध कधी संपलं?"

"संपलं असं कुणी म्हणालंच नाही, मावशी."

"मग तू का नाही म्हणालीस?"

"मी राष्ट्रपती होते ना."

धवलने ताईंच्या हातातून मला घेतले. मग अवनीने राणीची पिशवी उचलली. "काका, ती कुठाय?"

"समोर बसस्टॉपवर. आत यायला तयार नाही."

मित्रांनो, रुमाल कोंबताना टाळ्या वाजतात. तो कधी काढणार, हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. त्याच वेळी विचारा, मला आवाज असेपर्यंत.

धवल मला घेऊन रस्त्याच्या कडेला धावला आहे. मी फार दमले आहे. पण बस वळणावर दिसते आहे, राणीची पाठ आपल्याकडे आहे. वाजव रे, धवल.

ठण.