वासुदेवरावांच्या उजव्या फुप्फुसातून

काल सकाळी साडेसहाला नालवाडीत वासुदेवरावांनी गच्चीवर कबुतरांना ज्वारी टाकली आणि खोकत खोकत ते कठड्यापाशी खाली बसले.

मित्रांनो, मी एक जुनी भक्षक पेशी आहे. मुक्काम त्यांचं उजवं फुप्फुस. वय पाच महिने. आमच्यात हे म्हातारपणच. जन्म हाडाच्या मगजात झाला, रक्तातून वाहत इथे आले. काम एकच, श्वासातून आलेला कचरा गिळणे.

कबुतरांच्या विष्ठेची आणि पिसांची बारीक भुकटी रोज यायची. मी ती गिळायची आणि जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशींना हाक मारायची. त्या स्वतःला शहाण्या म्हणवतात, पण भुकटी आणि जंतू यांत फरक करत नाहीत. युद्ध पेटल्यासारखा गोंगाट करून मलाच चिथवायच्या. मग मी तंतू विणणाऱ्या पेशींना निरोप धाडायची, जखम झाली, लिंपा. त्या तर ठार मठ्ठ. विणायला लागल्या की थांबणं नाही. मऊ वायुकोशांच्या जागी त्यांनी चिवट डाग उभे केले. तिथून प्राणवायू रक्तात जात नाही. या कामगिरीबद्दल आम्ही एकमेकींची पाठ थोपटली. मूर्खांचा असा मेळा दुसरा नसेल, आणि त्यात पहिली मी.

छातीच्या भिंतीतून बाहेरचं सगळं ऐकू येतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, कबुतरं बंद. वासुदेवरावांनी तोंडाला दुपट्टा बांधला आणि दाणे चालूच ठेवले. तो दुपट्टा पाप गाळत असेल. भुकटी गाळत नाही.

काल खोकला ऐकून त्यांच्या पत्नी कोकिळाबाई वर धावल्या.

"डॉक्टरनं काय सांगतलं, इसरले काय?"

"बाबाच्या काळापासून दाने टाकून राह्यलो आपन. आता काऊन बंद करू?"

"बाबाले जिना चढता येत होता. तुमी आठव्या पायरीवर बसता. कबुतरं येतीन काय तुमाले उचलाले?"

वासुदेवराव हसायला गेले आणि पुन्हा खोकले. कोकिळाबाईंनी गच्चीला कुलूप ठोकलं, किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचला.

मित्रांनो, पडलेला डाग आम्हाला पुसता येत नाही. भुकटी थांबली तर आमचा गोंगाट कदाचित थांबेल. ती बाहेरच थांबवा. आमच्या अकलेवर विसंबू नका.

आज साडेसहाला वासुदेवराव जिना चढू लागले. आठव्या पायरीवर थांबले. वर पंख फडफडत होते. त्यांच्या छातीवरच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजला.