ग्लेनिसच्या पायाखालचा खोका

"परत तो खोका दारात! कुणीतरी तोंडावर आपटेल," आयरिनबाई नवऱ्यावर कुरकुरल्या. "गुडघे तर गेलेच आहेत तुमचे. उद्या डोळे गेले की मॅच बंद, आत्ताच सांगून ठेवते."

"मग शनिवारी मला तुझ्या बहिणीकडे चहाला नेऊ नकोस म्हणजे झालं," वॉल्टर म्हणाले आणि दाराची कडी चाचपू लागले.

मित्रांनो, तो खोका म्हणजे मी. मी एक जुना, संत्र्यांचा लाकडी खोका आहे. इंग्लंडच्या उत्तरेला, रॉथली नावाच्या गिरणीगावात माझं आयुष्य गेलं. वॉल्टर गिरणीत सुतार होते. त्यांची लेक ग्लेनिस सात वर्षांची झाली, तेव्हा त्यांनी मला उलटा केला, घासला, धरायला दोरी बांधली. तोवर पोरीला फुटबॉलच्या मैदानात नुसत्या माणसांच्या पाठी दिसत. बाबा वाकून वाकून सांगत, "चेंडू डावीकडे गेला बघ. आता त्यांचा एक पडला. नाटकं करतोय मेला!" माझ्यावर चढली आणि तिला सगळं आपलं आपण दिसलं.

शनिवार उजाडला की मला चैन नसे. ग्लेनिसच्या टाचा माझ्यावर ताशा बडवत. शेजारचे क्लिफकाका म्हणत, "हिला खोक्यावर नको, खोक्यात ठेवा!" जिंकलो तर कौतुक गोल करणाऱ्याचं, हरलो तर लाथ मला. माझा एक खिळा तेव्हाच ढिला झाला.

मग ती उंच झाली आणि मी कोळशाच्या खोलीत गेलो. सतरा वर्षं. शनिवारचा गलका तिथवर येई आणि मी नुसता तळमळे. वॉल्टरांचे गुडघे गेले तेव्हा तिनेच मला बाहेर काढलं, मध्यंतरात बाबांना टेकायला.

मैदानाच्या कडेला एक फळा आहे. त्यावर ए, बी, सी अशी अक्षरं. मध्यंतरात एक माणूस प्रत्येक अक्षराखाली गोलांच्या आकड्यांच्या पाट्या टांगतो. कुठलं अक्षर म्हणजे दुसऱ्या गावची कुठली मॅच, ते मैदानावर विकत मिळणाऱ्या त्या दिवशीच्या छापील पत्रिकेत असतं. फळा वाचून दाखवण्याचा मान पहिल्यापासून वॉल्टरांचा.

या शनिवारी ते माझ्यावर टेकले, फळ्याकडे तोंड केलं आणि खणखणीत म्हणाले, "डी, दोन-एक. ई, बरोबरी."

पाट्यांचा माणूस अजून आलाच नव्हता. फळा कोरा होता.

क्लिफकाकांनी टोपी काढली, परत घातली. मागचे दोघे बुटांकडे बघू लागले. वर्षभर असंच चाललं होतं. गोल झाला की आधी सगळे ओरडत, मग वॉल्टर. पण बोलणार कोण? बोललं की त्यांचा शनिवार संपला.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. खोक्याचा खिळा ढिला झाला तर वेळेवर ठोका. सगळे जपून जपून बसले, म्हणून तो घट्ट होत नाही.

"बाबा, चहा," ग्लेनिसने कप पुढे केला. त्यांचा हात कपाच्या बाजूने हवेत फिरला. तिने तो धरून कपावर ठेवला.

शिट्टी झाली. सगळे पुढे सरकले. वॉल्टर उठले नाहीत. माझा खिळा कुरकुरत राहिला, इतकी त्यांची चुळबुळ. शेवटी त्यांनी पत्रिकेची घडी करून लेकीच्या हातात दिली.

"मला दिसत नाही गं, ग्लेनिस. फळा नाही, चेंडू नाही, काही नाही. तू सांग. कुठे गेला चेंडू?"