धुराची चव

ईट गावात खव्याच्या भट्ट्यांना काही तोटा नाही. पण सिद्धेश्वरअप्पाला विचाराल तर खवा फक्त त्याच्याच भट्टीवर होतो, बाकीचे नुसतं दूध आटवतात! माणूस गुणी, पण हेकट म्हणजे किती हेकट असावा? भट्टीची खोली त्यानं स्वतःच्या हातानं बांधलेली. बुटकी, वर पत्रा, आणि धूर जायला जेमतेम वीतभर भोक. धुराडं बसवायचं नुसतं नाव काढा, अंगावर यायचा. "धूर न्हाय तर खव्याला चव कुठनं यायची? चव येती ती धुरानंच!"

त्याच धुरानं यंदा दिवाळीनंतर त्याला आडवा केला. खोकला थांबेना, कफ सुटेना, रात्री आडवं पडलं की छातीत शिट्टी वाजायची. विरेशनं, म्हणजे त्याच्या लेकानं, ऐकून न घेता त्याला मोटारसायकलवर बसवलं आणि तालुक्याला, भूमच्या डॉक्टरपुढं नेऊन उभं केलं.

"बिडी ओढता?" डॉक्टरनं विचारलं.

"उभ्या जन्मात न्हाय."

"मग काम काय करता?"

अप्पानं सांगितलं तसा डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "म्हणजे चाळीस वर्षं भट्टी ओढली की तुम्ही! श्वासनळ्या सुजल्यात, अप्पा. झालं ते झालं. पण आणखी बिघडू द्यायचं नसेल तर धूर बंद. हा पंप सकाळ-संध्याकाळ तोंडात ओढायचा, नंतर चूळ भरायची. आणि भट्टीकडं फिरकायचं नाही."

पंप बघून अप्पाचा चेहरा उतरला. पंप लागला म्हणजे माणूस कामातनं गेला, असंच गावात सगळे म्हणायचे. तरी खरं दुःख पंपाचं नव्हतंच. कढईच्या अलीकडं तो आणि पलीकडं त्याची बायको रुद्रम्मा, असं दोघांनी तीस वर्षं त्या खोलीत उलथणं फिरवलं होतं. सहा वर्षांमागं ती खोकून खोकून गेली. तेव्हापासून अप्पा एकटा बसायचा, पण बसायचा आपल्याच बाजूला. पलीकडं कुणाला बसू द्यायचा नाही. धुरानं डोळे भरून आले की समोर ती बसलीय असं वाटायचं त्याला. आता तिथं जायचंच नाही म्हणजे काय!

विरेश दूध गोळा करायला आणि खवा पोचवायला गावोगाव फिरायचा. त्यामुळं भट्टी आली सुनेकडं, शिवप्रियाकडं. अप्पाची खाट गेली पन्नास पावलांवरच्या चिंचेखाली. वारा फिरला की खाटही फिरायची, धूर अंगावर येऊ नये म्हणून.

पहिल्या दिवशी अप्पाचा जीव नुसता टांगणीला. खवा झाला का हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती, ते कानाला कळायचं. दूध आधी खळखळतं, मग रटरटतं, आणि शेवटी उलथण्याचा आवाज एकदम जड होतो. तेवढ्यात कढई उतरवायची. आवाज जड झाला. शिवप्रिया काही उतरवेना! "अगं उतर..." म्हणून अप्पा ओरडायला गेला आणि खोकल्याची अशी उबळ आली की खाटेवरच दुमडला. तिकडं खवा लाल पडला.

संध्याकाळी शिवप्रिया एक ताट आणि पळी घेऊन आली. "मामा, ओरडायचं न्हाय. ह्ये वाजवा. वाजलं की म्या कढई उतरवते."

झालं! रोज सकाळी चिंचेखाली ताट वाजायला लागलं. "काय अप्पा, आरती झाली का?" म्हणून येणारेजाणारे चिडवायचे. अप्पा वरवर चिडायचा, पण मनातनं खूश होता. पंप ओढत होता, गरम पाणी पीत होता. संक्रांतीपर्यंत शिट्टी थांबली, रात्रीची झोप लागायला लागली.

आणि एका सकाळी त्यानं पळी उचलली, तोवर आवाज थांबला. शिवप्रियानं कढई आपणहून उतरवली होती. बरोब्बर वेळेला! दुसरी कढईही तशीच. पळी अप्पाच्या हातातच राहिली. पोरीला आलं, आनंद व्हायला हवा होता. पण त्याला भडभडून आलं. भट्टीशी त्याचं आता काहीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात खोलीतनं खोकला ऐकू आला. कोरडा. मग पुन्हा एकदा, पदर तोंडावर दाबून.

अप्पाच्या अंगावर काटा आला. रुद्रम्माचा खोकला असाच सुरू झाला होता. त्याला कळू नये म्हणून तीही पदर तोंडावर दाबायची. "एक धुराडं तेवढं बसवा की ओ," म्हणायची. आणि हा शहाणा म्हणायचा, "खव्याची चव घालवतीस व्हय?"

त्यानं ताट बडव बडव बडवलं. शिवप्रिया धावत बाहेर आली. "काय झालं मामा? उतरवली की म्या!"

"कढई मरू दे! कवापासनं खोकतीस?"

"न्हाय ओ, उगं जरासं..."

"उगं जरासं न्हाय! भायेरच थांब. विरेशला फोन लाव. म्हणावं, येताना धुराडं घिऊन ये. पत्रा काढायचा, म्होरली भिंत पाडायची."

विरेशला खरंच वाटेना. त्यानं दोनदा विचारलं, "अप्पा, नक्की ना?" अप्पानं दोनदा मान हलवली आणि खाटेवर बसून आपली खोली मोडताना बघितली. भिंत पडली तशी कढईपलीकडची रुद्रम्माची जागा उन्हात आली. केवढीशी जागा होती ती!

चौथ्या दिवशी भट्टी पेटली. धूर सरळ वर गेला, कुणाच्या डोळ्यांत गेला नाही. शिवप्रियानं पळसाच्या पानावर गरम खवा आणला. "बघा मामा. चव गेली का?"

चव गेलेली असू दे, असं अप्पाला अगदी आतनं वाटलं. थोडी तरी गेलेली असू दे. म्हणजे रुद्रम्माला सांगायला काहीतरी राहील.

त्यानं खवा जिभेवर ठेवला. चव तीच होती. तसूभर फरक नव्हता.

"तशीच हाय," तो म्हणाला आणि तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलताना बघून शिवप्रिया घाबरली, पंप आणायला पळाली. अप्पानं हात करून तिला थांबवलं. तो खोकला नव्हता.